मॅरेथॉनच्या आधीची शर्यत: ग्रीकांची दोलिखोस

पायवाट:

मॅरेथॉनचा मोसम आला की दरवर्षी एकच गोष्ट सगळीकडे फिरू लागते. इ.स.पू. ४९०, मॅरेथॉनचं मैदान, पर्शियन फौजेचा पराभव, आणि फिडिपिडीस नावाचा तो निरोप्या धावत अथेन्सला येतो, 'आपण जिंकलो' म्हणतो आणि तिथेच कोसळून प्राण सोडतो. गोष्ट मनाला भिडते यात वाद नाही. पण लांब पल्ल्याच्या शर्यतीचा उगम म्हणून तीच सांगितली जाते, आणि ज्यांनी ही शर्यत खरोखर हजार वर्षं जिवंत ठेवली ती माणसं तिच्याआड पार झाकली जातात, याची मला मनापासून खंत आहे. त्यासाठी हा धागा.

मॅरेथॉनच्या लढाईच्या तब्बल २३० वर्षं आधी, इ.स.पू. ७२० मध्ये, ऑलिंपियाला 'दोलिखोस' ही लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली होती. परंपरेनुसार पहिलं ऑलिंपिक इ.स.पू. ७७६ चं. तेव्हा धावण्याची शर्यत एकच, स्टेडियमच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, साधारण १९२ मीटर. तेरा ऑलिंपिकं ती एकटीच चालली. मग ७२४ मध्ये जाऊन-येऊन अशी दुहेरी शर्यत आली आणि पुढच्याच खेपेला दोलिखोस. पहिला विजेता स्पार्टाचा अकान्थोस. हॅलिकार्नाससचा डायोनिसियस लिहितो की अंगावरचं वस्त्र टाकून ऑलिंपियात पहिल्यांदा नग्न धावला तो हाच अकान्थोस. (मेगारावाले तो मान आपल्या ओर्सिप्पोसला देत.)

अंतर किती, तर जुन्या ग्रंथांत ७ पासून २४ स्टेडियम-लांब्यांपर्यंत वेगवेगळे आकडे येतात. ऑलिंपियापुरतं बोलायचं तर २० किंवा २४ लांब्या धरतात, म्हणजे पावणेचार ते साडेचार किलोमीटरच्या आसपास. आजच्या पाच हजार मीटरची ती थोडी धाकटी बहीण. बेचाळीस किलोमीटरची शर्यत ग्रीकांच्या खेळांत नव्हतीच.

त्याहून कितीतरी लांब धावणारी माणसं मात्र होती. पण ती खेळाडू म्हणून नव्हे, काम म्हणून धावायची. हेमेरोद्रोमोस, म्हणजे दिवसभर धावून निरोप पोचवणारे. ग्रीसच्या डोंगराळ मुलखात सरावलेला माणूस घोड्यापेक्षा भरवशाचा. फिलोस्ट्रॅटसने व्यायामावरच्या आपल्या ग्रंथात दोलिखोसचा उगम तिथेच दाखवला आहे: आर्केडियातून युद्धाचे निरोप घेऊन येणाऱ्या दूतांना घोड्यावर बसायची मनाई होती, पायांनीच यायचं, आणि त्यातून ही शर्यत निघाली. तो हे लिहितो तेव्हा शर्यत सुरू होऊन नऊशेहून अधिक वर्षं उलटली होती, त्यामुळे शब्दशः धरू नये. पण निरोप्याचं काम आणि मैदानातली शर्यत यांचं नातं ग्रीकांना स्वतःला जाणवत होतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

हे नातं एका माणसात लख्ख दिसतं. आर्गोसचा एगेआस. इ.स.पू. ३२८ मध्ये, ११३ व्या ऑलिंपिकमध्ये त्याने दोलिखोस जिंकली आणि त्याच दिवशी धावत आपल्या गावी जाऊन स्वतःच्या विजयाची बातमी स्वतःच दिली, अशी नोंद ऑलिंपिक विजेत्यांच्या यादीत आहे. ऑलिंपिया ते आर्गोस म्हणजे आर्केडियाचे डोंगर ओलांडून शंभर किलोमीटरच्या वर. शर्यत धावून झाल्यावर! एपिडॉरसच्या देवस्थानात ड्रायमोस नावाच्या धावपटूचा शिलालेख आहे, त्यातही हाच दावा आहे: ऑलिंपियाहून त्याच दिवशी घरी. तो तर आर्गोसच्याही पुढे.

आणि धावून प्राण सोडणारा माणूसच हवा असेल, तर तो लादास आहे. इ.स.पू. पाचव्या शतकात त्याने ऑलिंपियाला दोलिखोस जिंकली. विजयानंतर लगेच आजारी पडला, त्याला घरी नेत होते, वाटेत स्पार्टाजवळ तो गेला. सहाशे वर्षांनी प्रवासवर्णनकार पॉसेनियस त्या रस्त्याने गेला तेव्हा लादासची कबर रस्त्याच्या वरच्या अंगाला होती, हे त्याने नमूद केलंय. 'थाळीफेक्या' हे शिल्प घडवणाऱ्या मायरॉनने लादासचा कांस्य पुतळा केला होता. पुतळा आता नाही, पण त्याच्यावरची कवनं आहेत: तोंडातून श्वास आत्ता सुटेल आणि पुतळा चौथऱ्यावरून मुकुटाकडे झेप घेईल, अशी.

एगेआस आणि लादास यांच्या नावाने जगात कुठे मॅरेथॉन होत असेल तर सांगा. मी त्यासाठी वाट्टेल तेवढी तयारी करीन.

मधुरा_जो:

वाचनखूण साठवली. एक शंका. २४ लांब्या म्हणजे आपल्यासारखा गोल ट्रॅक नव्हता? सरळ जायचं आणि मागे फिरायचं?

पायवाट:

हो मधुराताई, गोल ट्रॅक नव्हताच. ग्रीक स्टेडियम म्हणजे लांबट चौकोनी मातीची पट्टी. टोकाला एक खांब, त्याला वळसा घालून परत. २४ लांब्या म्हणजे २३ वेळा पूर्ण उलटं वळायचं. दुहेरी शर्यतीत प्रत्येकाला आपापला खांब असावा असं बरेच अभ्यासक मानतात, पण दोलिखोसमध्ये सगळे एकाच खांबाभोवती फिरायचे. तिथे काय गर्दी होत असेल याचा विचार करा: पायात पाय, कोपर बरगडीत, उन्हाने तापलेली माती, अंगाला चोपडलेलं तेल. नुसता दम असून भागत नसे, वळणावर आपली जागा राखता यावी लागे. आजच्या दहा हजार मीटरवाल्यांना हे चटकन पटेल.

रानवारा:

मी स्टुटगार्टला असतो, ऑलिंपिया पाहिलंय. सुरुवातीची दगडी पट्टी अजून जागेवर आहे. तिच्यात दोन समांतर खाचा आहेत, एकमेकींपासून वीतभरही लांब नाहीत. पायाची बोटं त्यात रुतवून उभं राहायचं. एक पाय दुसऱ्याच्या किंचित पुढे, एवढंच अंतर मिळतं. आपण आज खाली वाकून, एक पाय बराच मागे टेकून सुरुवात करतो तसं तिथे जमतच नाही, उभ्यानेच निघावं लागतं. पट्टीवर थोड्या-थोड्या अंतराने चौकोनी भोकं आहेत, खांब रोवायची. वीसजण एका ओळीत मावतात.

प्रेक्षकांना बाकडी नाहीत. दोन्ही अंगांना गवताचे उतार, चाळीसेक हजार माणूस बसेल एवढे. दगडी आसन काय ते पंचांसाठी, आणि समोरच्या उतारावर देमेतेर देवीच्या पुजारिणीसाठी एक चौथरा. विवाहित बायकांना बंदी होती, ही एकटी सोडून.

नेमियाला (ग्रीकांच्या खेळांचं आणखी एक ठिकाण) तर दोऱ्या ताणून एकदम खाली पाडायची यंत्रणा होती, कोणी आधी सुटू नये म्हणून. उत्खनन करणाऱ्यांनी ती पुन्हा बनवून चालवून पाहिली, चालते.

अण्णा_वाईकर:

धागा उत्तम, माहिती नवी. पण मूळ मुद्द्याला माझा विरोध आहे.

मॅरेथॉनची गोष्ट बाजूला सारण्यासारखी नाही. ते मैदान खरं आहे, लढाई खरी आहे, तिथे पडलेल्या १९२ अथेनियनांचा मातीचा ढिगारा आजही उभा आहे. त्या गोष्टीने १८९६ मध्ये लोकांना धावायला लावलं. दोलिखोसच्या नावाने कोणी धावलं असतं का? मी स्वतः पन्नाशीनंतर धावायला लागलो ते ती गोष्ट ऐकून. उगम नोंदींतच शोधायचा का? लोकांच्या मनाने ज्याला उगम मानलं त्यालाही काही मान आहे.

पायवाट:

अण्णा, लढाईचा आणि ढिगाऱ्याचा मान राखूनच लिहितोय. पण नोंदी काय सांगतात तेही मांडू द्या.

सर्वांत जवळचा साक्षीदार इतिहासकार हिरोडोटस, लढाईनंतर साठेक वर्षांच्या आत लिहिणारा. त्याच्याकडे हा निरोप्या आहे (काही हस्तलिखितांत नाव फिलिपिडीस असं येतं), पण तो मॅरेथॉनहून अथेन्सला धावत नाही. तो लढाईच्या आधी अथेन्सहून स्पार्टाला मदत मागायला जातो आणि दुसऱ्या दिवशी पोचतो. साधारण २४० किलोमीटर. स्पार्टावाले म्हणतात, येतो, पण पौर्णिमेआधी निघायची रीत नाही. शेवटी त्यांचे दोन हजार सैनिक तिसऱ्या दिवशी अॅटिकात, म्हणजे अथेन्सच्या मुलखात पोचतात, तोवर लढाई संपलेली. ते मॅरेथॉनला जाऊन पडलेले पर्शियन पाहतात, अथेनियनांचं कौतुक करतात आणि परत फिरतात. निरोप्या मेल्याचं एक अक्षर नाही.

कोसळून मरणारा निरोप्या पहिल्यांदा दिसतो प्लूटार्ककडे, लढाईनंतर जवळपास सहाशे वर्षांनी, आणि तिथे त्याची नावं थेर्सिप्पोस आणि युक्लीस अशी दोन दिली आहेत. लुशियन इ.स.च्या दुसऱ्या शतकात ती धाव फिलिपिडीसच्या नावावर टाकतो. १८७९ मध्ये रॉबर्ट ब्राउनिंगच्या कवितेने दोन्ही धावा एकाच माणसाच्या गळ्यात घातल्या. मग फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआलने १८९६ च्या ऑलिंपिकसाठी मॅरेथॉन ते अथेन्स अशी शर्यत सुचवली, चषकही दिला, आणि मारूसीचा स्पिरिडॉन लुई साधारण ४० किलोमीटर २ तास ५८ मिनिटं ५० सेकंदांत धावून अमर झाला. ४२.१९५ हा आकडा त्याच्याही नंतरचा: १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधला, १९२१ मध्ये कायम केलेला.

तुम्ही म्हणता ते खरंच, गोष्ट नसती तर १८९६ घडलं नसतं. माझं म्हणणं इतकंच की २४० किलोमीटर धावून निरोप पोचवणारा आणि नकार घेऊन परतणारा माणूस मला त्या कोसळणाऱ्या वीरापेक्षा मोठा वाटतो. त्याने काम केलं. मरण त्याच्यावर लोकांनी नंतर लादलं.

अण्णा_वाईकर:

हे शेवटचं वाक्य पटलं. आकडेही पटले. तरी गोष्ट मी नातवाला सांगणारच, आता स्पार्टाच्या धावेसकट सांगेन.

शलाका:

हिरोडोटसच्या त्याच प्रसंगातला एक भाग राहिला, तो मला फार आवडतो. टेगियाच्या वरच्या पार्थेनियन डोंगरात निरोप्याला पॅन देव भेटतो, नावाने हाक मारतो आणि विचारतो, अथेन्सवाले माझी आठवण का ठेवत नाहीत, मी तर त्यांच्या कितीदा उपयोगी पडलोय. लढाईनंतर अथेनियनांनी अॅक्रोपोलिसच्या खाली पॅनचं ठाणं केलं आणि दरवर्षी बळी व मशालींची शर्यत सुरू केली. म्हणजे या माणसाच्या धावेतून शर्यत निघाली, ती प्राचीन काळातच निघाली, फक्त ती मॅरेथॉन नव्हती.

रात्रभर डोंगरात एकटं धावणाऱ्याला असा भास होणं अगदी शक्य आहे. लांब पल्ल्याचे धावपटू शंभरएक किलोमीटरनंतरचे अनुभव सांगतात ते ऐका.

आणि बायकांचंही लिहा कोणीतरी. ऑलिंपियाच्या त्याच मैदानात हेरा देवीसाठी मुलींच्या शर्यती होत. पॉसेनियसने वर्णन केलंय: केस मोकळे, झगा गुडघ्याच्या वर, उजवा खांदा उघडा. अंतर पुरुषांच्या एका लांबीपेक्षा एक षष्ठांश कमी, जिंकणारीला ऑलिव्हचा मुकुट आणि हेराला वाहिलेल्या गाईच्या मांसातला वाटा. पण मुलींना लांब शर्यत नाही ती नाहीच. १८९६ लाही नाही: स्तामाता रेविथी नावाची गरीब बाई पुरुषांच्या शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी एकटी मॅरेथॉनहून अथेन्सला धावली, तिला स्टेडियममध्ये घेतलं नाही. बायकांची ऑलिंपिक मॅरेथॉन यायला १९८४ उजाडावं लागलं. लादासचं नाव पुढे आणताय तेव्हा रेविथीचंही आणा.

पायवाट:

आणणार. शलाका, हा प्रतिसाद धाग्यापेक्षा मोलाचा आहे.

डोंगरदौड:

स्पार्टाची धाव शक्य आहे का, हे तपासून झालंय. १९८२ मध्ये जॉन फोडेन या ब्रिटिश हवाईदलाच्या अधिकाऱ्याने सहकाऱ्यांसह ती वाट धावून पाहिली. पाच निघाले, तीन पोचले, तिघेही ४० तासांच्या आत. दुसऱ्या वर्षीपासून स्पार्टाथलॉन सुरू झाली: २४६ किलोमीटर, मुदत ३६ तास. पहिली जिंकली ग्रीसच्याच यानिस कूरोसने.

मी मुलांना धावणं शिकवतो, त्यामुळे तंत्राबद्दल थोडं. ग्रीक मडक्यांवर छोट्या शर्यतीचे धावपटू आणि दोलिखोसचे धावपटू बघताक्षणी वेगळे ओळखू येतात. छोट्या शर्यतीवाल्यांचे हात लांब फेकलेले, गुडघे छातीकडे. दोलिखोसवाल्यांचे हात दुमडून बरगडीलगत, पाऊल आखूड, अंग सरळ. फिलोस्ट्रॅटसही तेच सांगतो: हा धावपटू बराच वेळ हात समोर उचलून धरून जवळजवळ चालल्यासारखा जातो, आणि शेवटच्या टप्प्यात हातांचे पंख करून सुटतो. शरीर कसं असावं, तर मान आणि खांदे मजबूत, कारण हात इतका वेळ उचलून धरायचे असतात, आणि पाय हलके, सडपातळ. मी मुलांना खांद्यांचे व्यायाम देतो तेव्हा पालक विचारतात, धावायला हात कशाला? आता त्यांना सांगायला अठराशे वर्षांपूर्वीचा दाखला मिळाला.

खाण्याचंही एक आहे. स्टिम्फालोसचा ड्रोमेउस, दोलिखोसमध्ये ऑलिंपियाला दोनदा, नेमियाला पाचदा विजेता. पॉसेनियस सांगतो की तोवर खेळाडू टोपलीत निथळलेल्या ताज्या चीजवर राहत, मांसाहार याने सुरू केला.

मधुरा_जो:

यांना पैसे मिळत होते का? की नुसता पानांचा मुकुट?

पायवाट:

ऑलिंपियाला फक्त मुकुट. पण गावाकडून मिळणाऱ्या मानाला मोल होतं, आणि म्हणून खेळाडू फोडणंही तेव्हापासून चालू आहे. क्रेट बेटावरचा सोतादीस इ.स.पू. ३८४ मध्ये दोलिखोस जिंकला. पुढच्या ऑलिंपिकमध्ये इफेससच्या लोकांकडून पैसे घेऊन त्याने स्वतःला इफेससचा म्हणून जाहीर केलं. क्रेटवाल्यांनी त्याला हद्दपार केलं.

उलट बाजूचं उदाहरण एर्गोतेलीसचं. तोही क्रेटचाच, नोसोसचा. गावातल्या यादवीत परागंदा झाला, सिसिलीत हिमेराला गेला, तिथला नागरिक झाला, आणि मग ग्रीकांच्या चारही मोठ्या क्रीडा-उत्सवांत (ऑलिंपिया, डेल्फी, इस्थमस, नेमिया) प्रत्येकी दोनदा दोलिखोस जिंकला. कवी पिंडारने त्याच्यावरच्या गीतात म्हटलंय की यादवीने तुझं गाव हिरावलं नसतं, तर घरच्या अंगणात झुंजणाऱ्या कोंबड्यासारखी तुझ्या पायांची कीर्ती तिथेच गळून गेली असती. परागंदा माणसाला इतकं सरळ आणि इतकं मायेचं दुसरं कोणी काही म्हटलेलं मी वाचलेलं नाही.

सीमाभागकर:

मॅरेथॉनच्या इतिहासात आपलंही एक पान आहे, ते इथे नोंदवतो. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत दोराबजी टाटांनी खेड्यांतली मुलं अनवाणी धावताना पाहिली आणि त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. त्या वर्षी अंतर होतं ४२.७५ किलोमीटर, आजच्यापेक्षा जास्त. वेळ २ तास ५० मिनिटं ४५ सेकंद, क्रमांक १९ वा. सोबत सदाशिव दातारही धावले, त्यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. लुई ४० किलोमीटरला जेवढा वेळ घेतो त्यापेक्षा कमी वेळात चौगुले त्याहून लांब धावले, पण आमच्या भागातल्या शाळकरी पोरांनाही हे नाव सांगावं लागतं.

अण्णा_वाईकर:

चौगुल्यांचं नाव माहीत होतं, वेळ माहीत नव्हती. आभार.

रानवारा:

एक गोष्ट लक्षात येतेय. सोतादीस क्रेटचा, एर्गोतेलीस क्रेटचा. योगायोग?

पायवाट:

नाही वाटत. आणखी जोडा: अलेक्झांडरचा निरोप्या आणि अंतरं मोजणारा फिलोनिदीस, ज्याच्या पुतळ्याचा चौथरा ऑलिंपियाला सापडला, तो क्रेटमधल्या खेर्सोनेसोसचा. आणि झेनोफनने लिहिलेला तो प्रसंग घ्या. इ.स.पू. ४०० मध्ये पर्शियातून परतणारी दहा हजारांची ग्रीक सेना मरणाच्या दारातून काळ्या समुद्राकाठी त्रापेझूसला पोचते आणि देवांचे नवस फेडून खेळ भरवते. मैदान नाही, तर स्पार्टाचा ड्राकोन्टिओस एका टेकाडाकडे बोट दाखवून म्हणतो, धावायला ही जागा झकास आहे, हवं तिकडे धावा. छोट्या शर्यतीत कैद्यांची पोरं धावली, आणि दोलिखोसला साठाहून जास्त क्रेटवाले उतरले. महिनोन्महिने बर्फातून, उपाशी चालून आलेले सैनिक, आणि हौसेने लांब शर्यत धावतायत! विजेत्यांच्या याद्यांतून हे कधी कळलं नसतं. हे पेशाने धनुर्धर, साधे पोटासाठी लढणारे लोक.

कारण भूगोलात आहेच, क्रेट म्हणजे सगळा डोंगर. पण कायद्यातही आहे. क्रेटमधल्या गोर्टिन शहराचा इ.स.पू. पाचव्या शतकातला कायदा भिंतीवर कोरलेला आहे. त्यात सज्ञान नागरिकाला 'धावणारा' म्हणतात आणि वयात न आलेल्याला अजून धावेत न आलेला. काही व्यवहारांना साक्षीदार लागतात, ते तीन किंवा अधिक स्वतंत्र 'धावणारे' असावेत असं कलम आहे. धावण्याच्या मैदानावर प्रवेश मिळाला म्हणजे माणूस साक्षीला पात्र झाला.

रानवारा:

ती भिंत जागेवर आहे का अजून?

पायवाट:

आहे, गोर्टिनलाच, रोमन काळातल्या ओडियनच्या (छोट्या संगीतगृहाच्या) मागच्या भिंतीत बसवलेली. ओळी एक डावीकडून, एक उजवीकडून अशा कोरल्या आहेत, शेत नांगरताना बैल फिरतात तशा. पुढच्या सुट्टीत जाणार असाल तर फोटो इथे टाका, साक्षीदारांचं कलम कोणत्या स्तंभात आहे ते मी शोधून ठेवतो.